समोरच्या गच्चीवर टॉवर आला म्हणून घर सोडायचं का? रेडिएशनबद्दल सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. गोव्यात फोंड्याजवळ कुर्टीला घरासमोरच्या तीन मजली बिल्डिंगच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर आलाय, अंतर साधारण पन्नास मीटर, सून सहाव्या महिन्यात आहे, घरात पाच वर्षांचा नातू, शेजारीण म्हणते टॉवर आल्यापासून डोकं दुखतं, माडाचे कोवळे नारळ गळतात, चिमण्या दिसेनाशा झाल्या, आणि मुलगा म्हणतोय हे घर भाड्याला देऊन आपण दुसरीकडे राहायला जाऊ. म्हणून तुम्ही विचारताय की या रेडिएशनचा माणसावर, झाडांवर, पाखरांवर नक्की काय परिणाम होतो.

घर सोडू नका. हे आधीच सांगून टाकतो कारण सुनेच्या या दिवसांत घरात रोज हीच चर्चा चालणं चांगलं नाही. आणि दुसरं पण आधीच सांगतो, मी आरएफ म्हणजे रेडिओ फ्रीक्वेन्सीचा इंजिनिअर आहे, अँटेना बसवणं, त्यांची दिशा लावणं, त्यांचं रेडिएशन मोजणं हेच काम पेडण्यापासून काणकोणपर्यंत करत आलोय, म्हणजे माझं पोट याच धंद्यावर चालतं. तेव्हा नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नका, खाली जो हिशोब देतो तो मुलाला कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करायला सांगा.

रेडिओ, मोबाईल, वायफाय, निखाऱ्याची धग, डोळ्याला दिसणारा उजेड, उन्हातलं अल्ट्राव्हायोलेट, एक्स-रे, गॅमा, हे सगळं एकाच कुटुंबातलं, सगळ्या विद्युतचुंबकीय लहरी, फरक फ्रीक्वेन्सीचा. पण तो फरक इतका मोठा आहे की सगळ्यांना एकच शब्द वापरल्यामुळेच निम्मा घोळ होतो. ही ऊर्जा कणाकणाने येते, त्या कणाला फोटॉन म्हणतात, आणि एका फोटॉनमध्ये किती ऊर्जा हे फ्रीक्वेन्सीवर ठरतं. १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाईल सिग्नलचा एक फोटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन व्होल्टचा (हे ऊर्जेचं एक फार छोटं माप) साधारण ०.०००००७ भाग. आपल्या अंगात जे रेणू आहेत ते नुसत्या शरीराच्या उष्णतेने जे सारखे हलत असतात ती ऊर्जा ०.०२७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साडेतीन हजार पटीहून जास्त. डीएनएमधला बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट-बी च्या फोटॉनमध्ये ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात, तो तोडफोड करू शकतो आणि करतो, दवाखान्यातल्या एक्स-रेच्या फोटॉनमध्ये हजारो. उंच फांदीवरचा आंबा पाडायचा असेल तर फांदीपर्यंत पोचणारा एक दगड लागतो, मुठीने वाळू कितीही उडवली तरी आंबा पडत नाही, तसंच हे, टॉवर वाढवले म्हणजे वाळू जास्त उडाली, दगड नाही आला.

मग मोबाईलच्या लहरींचा शरीरावर काहीच परिणाम नाही का, तर आहे, आणि तो पक्का सिद्ध झालेला आहे, तो म्हणजे गरम होणं. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, वायफाय पण त्याच्याच जवळ, पाण्याचे रेणू लहरीबरोबर फिरायला बघतात आणि त्या घासाघाशीत उष्णता तयार होते. माणसाच्या पूर्ण शरीरात दर किलोमागे ४ वॅट शोषले गेले तर अर्ध्या तासात शरीराचं तापमान साधारण एक डिग्रीने चढतं, डोळ्यातलं भिंग आणि पुरुषांचे वृषण यांना जास्त धोका कारण तिथे रक्त खेळून उष्णता वाहून नेण्याची सोय कमी. म्हणून आयसीएनआयआरपी नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सामान्य लोकांसाठी त्या ४ चा पन्नासावा भाग, ०.०८ वॅट प्रति किलो, ही मर्यादा ठेवली, आणि त्यावरून अँटेनासमोर उभं राहिल्यावर किती चालेल ते आकडे काढले. भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी त्याच्याही एक दशांश आकडे लागू केले, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ वॅट. आमचा रिगर, म्हणजे टॉवरवर चढून काम करणारा माणूस, जेव्हा चालू अँटेनाच्या अगदी समोर हातभर अंतरावर काम करायला चढतो तेव्हा मी आधी त्या बाजूची अँटेना बंद करायला लावतो, तिथे खरोखर मर्यादा ओलांडली जाते, त्यात चालढकल चालत नाही.

आता तुमच्या घराचा हिशोब. एका सिग्नलची पॉवर २० वॅट धरा. अँटेना ती एका दिशेला एकवटते, पन्नास पट धरा, म्हणजे समोरच्या दिशेने बघणाऱ्याला ती हजार वॅटसारखी वाटते. पन्नास मीटरवर हे हजार वॅट ज्या गोलावर पसरतात त्याचं क्षेत्रफळ साधारण ३१,४०० चौरस मीटर, भागाकार केला की दर चौरस मीटरला ०.०३२ वॅट. असे सहा सिग्नल एकाच दिशेला, एकाच वेळी, पूर्ण ताकदीने चालले असं धरलं, जे सहसा होत नाही, तरी ०.१९. मर्यादा ०.९. अंतर दुप्पट केलं की एक चतुर्थांश होतो. आणि हे कुठे, तर अँटेनाच्या उंचीला, बरोबर तिच्या समोर. तुमचं घर बैठं, कौलारू. या अँटेना आडव्या फेकतात, वर-खाली त्यांचा पट्टा सहा-सात डिग्रीचाच असतो, थोडासा खाली झुकवलेला असतो तो लांबच्या घरांपर्यंत पोचायला, म्हणजे तुमच्या छपरावरून तो बराचसा निघून जातो. अशा घरांच्या अंगणात मी मीटर लावतो तेव्हा आकडा बहुतेक वेळा हजारांशात येतो, कधी शतांशात.

लोकांना सगळ्यात जास्त भीती टॉवरच्या बुडाशी असलेल्या फ्लॅटची वाटते आणि खरं तर तिथे सगळ्यात कमी असतं, वर स्लॅब असतो तो वेगळाच अडवतो. मी ज्या घरात लक्ष घालतो ते म्हणजे समोरच्या बिल्डिंगचा वरचा मजला, अँटेनाच्या नजरेला नजर देणारा, वीस-पंचवीस मीटरवर. दूरसंचार विभागाने राज्यांना ज्या सूचना दिल्या त्यात याच बाबतीत अंतर दिलंय, अँटेनाच्या समोर त्याच उंचीवर घर असेल तर एका अँटेनासाठी २० मीटर, दोन असतील तर ३५, चार असतील तर ४५. तुमच्या गल्लीत असा कोणाचा फ्लॅट असेल तर मोजणी त्यांनी आधी मागायला पाहिजे, आणि त्यांची मागणी शंभर टक्के बरोबर असेल.

आणि फोन. फोनची पॉवर जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास, पण तो कानापासून एक सेंटीमीटरवर असतो, पन्नास मीटरवर नाही. त्यातून सिग्नल कमी असेल तर तो पूर्ण ताकद लावतो, सिग्नल चांगला असेल तर शेकडो पटीने कमी करतो. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंती, त्यात पावसाळ्यात त्या ओल्याकच्च, आतल्या खोलीत फोनला एक दांडी मिळते आणि तिथेच बसून माणूस तासभर बोलतो, त्यापेक्षा बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, येऊन बोललं तर डोक्यात जाणारं रेडिएशन कितीतरी कमी होतं. टॉवर जवळ आला की तुमच्या घरातल्या प्रत्येक फोनची पॉवर कमी होते, हे कोणी सांगत नाही. म्हणून ग्रामसभेत टॉवरच नको म्हणून ठराव करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो की टॉवर दोन किलोमीटर लांब गेला तर तुमच्या मुलांच्या कानाला लागलेला फोन जास्त जोर लावणार आहे.

फोनवर कोणी अँटी रेडिएशन स्टिकर विकत असेल तर घेऊ नका. तो काम करत नसेल तर पैसे गेले आणि काम करत असेल म्हणजे अँटेनाच झाकत असेल तर फोन पॉवर वाढवतो.

कॅन्सरचं बघू, कारण खरी भीती तीच आहे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेने रेडिओ लहरींना २-बी गटात टाकलं, म्हणजे कदाचित कॅन्सरकारक, पुरावा मर्यादित. ही बातमी सगळीकडे फिरली, पण त्या यादीची क्रमवारी पुराव्याच्या पक्केपणावर असते, धोका किती मोठा यावर नसते हे बातमीत नव्हतं, त्याच २-बी मध्ये कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्क आहे. पहिल्या गटात, जिथे शंकाच नाही, तिथे ऊन आहे, एक्स-रे आहे, तंबाखू आहे. त्यानंतर बरंच काम झालं. अमेरिकेत उंदरांवर मोठा प्रयोग झाला, २०१८ मध्ये अहवाल आला, रोज नऊ तास, दोन वर्षं, पूर्ण शरीरावर दर किलोला ६ वॅटपर्यंत, त्यात नरांमध्ये हृदयाच्या एका दुर्मिळ ट्यूमरचा पुरावा मिळाला, मात्र तेच नर लहरी न दिलेल्या नरांपेक्षा जास्त जगले, माद्यांत तसा पुरावा नव्हता. ६ वॅट म्हणजे लोकांसाठीच्या मर्यादेच्या पंचाहत्तर पट. मला तो प्रयोग महत्त्वाचा वाटतो, उडवून लावण्यासारखा नाही, पण तुमच्या अंगणाशी त्याचा संबंध लावता येत नाही. माणसांच्या बाबतीत २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा आला, ६३ अभ्यास एकत्र तपासून त्यांना मोबाईल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. ५जी वेगळं काही आहे का असं पण विचारलंत, आपल्याकडे ते २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, मुख्य बँड ३.३ गिगाहर्ट्झच्या पुढचा, ४जीच्या शेजारचाच, आणि २६ गिगाहर्ट्झवालं तर कातडीत एखादा मिलिमीटर जातं, सुनेच्या पोटापर्यंत पोचण्याचा प्रश्नच येत नाही.

शेजारणीच्या डोकेदुखीबद्दल. ती खोटं बोलत नाही, डोकं खरंच दुखतं. पण असे त्रास असणाऱ्या लोकांना बंद खोलीत बसवून, त्यांनाही माहीत नाही आणि प्रयोग घेणाऱ्यालाही माहीत नाही की सिग्नल चालू आहे की बंद, अशा ४६ प्रयोगांचा आढावा घेतलाय, ११७५ लोक होते, चालू-बंद ओळखण्याचा काही भरवशाचा पुरावा मिळाला नाही, आणि बंद असताना सुद्धा त्रास झाला. तेव्हा तिला आधी बीपी बघायला सांगा, चष्म्याचा नंबर बघायला सांगा, झोप बघा. आणि एक गोष्ट जी मी प्रत्येक साईटवर बघतो, टॉवरचा जनरेटर. आपल्याकडे मे महिन्यात आणि पहिल्या पावसात लाईट जायला लागली की तो रात्रभर घुरघुरतो, धूर शेजारच्या खिडकीत, वरून कॅबिनेटच्या पंख्याचा आवाज. डिझेलचा धूर हा पहिल्या गटातला कॅन्सरकारक आहे. त्याची तक्रार करा, लेखी करा, पंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला, ही तक्रार तग धरते. रेडिएशनची तक्रार घेऊन गेलात तर मोजणीत पास होणार आणि तुमचा खरा त्रास तसाच राहणार, असं मी बऱ्याच ठिकाणी होताना बघितलंय आणि वाईट वाटतं.

नारळ गळण्याचं कारण टॉवर नाही. नारळाच्या देठाखाली, टोपीच्या आत बघा, फळावर तपकिरी चिरलेले त्रिकोणी डाग दिसले तर तो इरिओफाईड कोळी, डोळ्याला दिसत नाही इतका बारीक, १९९८ मध्ये केरळात सापडला आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला. नारळ पाडणाऱ्या पाडेली बुवाला विचारा, तो वर चढल्यावर लगेच ओळखेल. जुन्या गोव्याच्या बाजूला आयसीएआरचं, म्हणजे सरकारी शेती संशोधनाचं, केंद्र आहे, तिथे नमुना दाखवता येतो.

चिमण्यांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे लोकांचं प्रेम आहे आणि प्रेमापोटी चुकीचं कारण धरलं की उपाय पण चुकतो. इंग्लंडमध्ये चिमण्या कमी व्हायला लागल्या १९७० च्या दशकाच्या शेवटी, तेव्हा मोबाईलचे टॉवर नव्हतेच. भारतात २०२० च्या पक्ष्यांच्या अहवालात देशभर मिळून चिमण्यांची संख्या साधारण टिकून असल्याचं दिसलं, घट दिसली ती मोठ्या शहरांत. फोंड्याकडे बघा ना, कौलं आणि वासा यांच्यामध्ये जी फट होती तिथे चिमणी घर करायची, कौलं गेली स्लॅब आला, अंगणात भात वाळत घालायचं बंद झालं, पिल्लांना पहिले काही दिवस किडेच लागतात आणि परसात औषध फवारून किडे संपवले. तुमचं घर अजून कौलारू आहे, वाशाखाली एखादी लाकडी पेटी ठोका, परसाचा एक कोपरा न फवारता ठेवा, टॉवर असतानाही चिमण्या येतील.

पण पाखरांवर रेडिओ लहरींचा परिणाम होतच नाही असं मी म्हणणार नाही, कारण होतो, आणि तो शोध माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं. जर्मनीत ओल्डेनबुर्ग विद्यापीठात रॉबिन नावाच्या छोट्या स्थलांतरी पक्ष्यांवर प्रयोग चालले होते, हे पक्षी रात्री पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखतात, पण विद्यापीठाच्या आवारात ठेवलेल्या पक्ष्यांना दिशाच सापडेना. मग लाकडी खोल्यांना आतून ॲल्युमिनियमचे पत्रे लावून त्यांना अर्थिंग दिलं आणि पक्ष्यांना दिशा परत सापडली. पत्र्याचं अर्थिंग काढलं की पुन्हा हरवले. २०१४ मध्ये हे नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. त्रास देणारा पट्टा होता ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ, विजेच्या उपकरणांचा गोंगाट आणि मीडियम वेव्ह रेडिओ, आणि ताकद इतकी कमी की माणसांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. गरम होण्याने हे झालं असं म्हणायला जागाच नाही. या पक्ष्यांच्या डोळ्याच्या पडद्यात क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असतं, उजेड पडला की त्यात इलेक्ट्रॉनच्या जोड्या तयार होतात आणि त्यांचं वागणं चुंबकीय क्षेत्राने बदलतं, तोच होकायंत्र असावा असं मानतात आणि तिथेच हा गोंगाट घुसतो. नंतर त्याच गटाने वरची सीमा शोधली, २०२३ मध्ये, साधारण ११६ मेगाहर्ट्झच्या आसपास परिणाम थांबतो. म्हणजे मोबाईलच्या ७०० मेगाहर्ट्झ आणि पुढच्या पट्ट्याचा यात हात नाही, पण आकाशवाणी पणजी जिथे लागायचं ते १२८७ किलोहर्ट्झ बरोबर आत येतं, आणि हलक्या दर्जाचे एलईडी ड्रायव्हर, चार्जर, इन्व्हर्टर यांचा गोंगाट पण. हिवाळ्यात करमळीच्या तळ्यावर आणि चोडणला हजारो किलोमीटरवरून पाखरं येतात, त्यांच्या बाबतीत हे कोणी मोजावं अशी माझी फार इच्छा आहे. रॉबिनवरून बदकांचं काही ठरवता येत नाही, पण विचारायचा प्रश्न हा आहे, टॉवर आणि चिमणी हा नाही.

मधमाश्यांवरचे प्रयोग बहुतेक पोळ्याच्या आत चालू फोन ठेवून केलेले आहेत, माशा अस्वस्थ होतात हे दिसलंय, पण बाहेर झाडावरच्या पोळ्यासमोर पन्नास मीटरवर टॉवर असणं ही वेगळी गोष्ट. किड्यांच्या बाबतीत पुढे लक्ष ठेवायचं ते वरच्या फ्रीक्वेन्सीवर, लहरीची लांबी किड्याच्या अंगाएवढी व्हायला लागली की तो जास्त शोषून घेतो.

आता ज्या रेडिएशनने गोव्यात रोज नुकसान होतंय आणि ज्याबद्दल ग्रामसभेत एकही ठराव होत नाही ते सांगतो.

पहिलं ऊन. आपण साडेपंधरा अक्षांशावर, मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, एप्रिल-मेमध्ये यूव्ही इंडेक्स ११ च्या वर जातो, म्हणजे मोजपट्टीचा वरचा टोक. दुपारचं ऊन दर चौरस मीटरला साधारण हजार वॅट, त्यातला काही टक्के भाग अल्ट्राव्हायोलेट, आणि त्याचा फोटॉन डीएनएमधल्या शेजारच्या कड्या एकमेकींना चिकटवून तो थेट बिघडवतो. आपल्या कातडीत मेलानिन हे रंगद्रव्य आहे म्हणून कातडीचा कॅन्सर आपल्याकडे कमी, पण डोळ्याला मेलानिनचं तसं संरक्षण नाही. रापणकारांचे (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचे), शेतकऱ्यांचे डोळे बघा, नाकाच्या बाजूने बुबुळावर चढलेला वडस, लवकर आलेला मोतीबिंदू, त्यात अल्ट्राव्हायोलेटचा मोठा वाटा आहे, कोरडी वाळू पंधरा टक्के आणि समुद्राचा फेस पंचवीस टक्क्यांपर्यंत ते परत वर फेकतो म्हणून नुसती टोपी पुरत नाही. यूव्ही ४०० लिहिलेला गॉगल घ्या, नुसता काळा स्वस्त गॉगल नको, त्याने बाहुली मोठी होते आणि उलट जास्त आत जातं. नातवाला मिरामारच्या किनाऱ्यावर न्यायचं तर आपली सावली आपल्यापेक्षा लांब झाली की न्या. सुनेला सकाळचं थोडं ऊन मात्र पाहिजे, व्हिटॅमिन डी त्याच अल्ट्राव्हायोलेट-बी ने तयार होतं.

दुसरं सीटी स्कॅन. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (हे अंगात गेलेल्या रेडिएशनच्या डोसचं माप) मिळतात, छातीच्या एक्स-रेत ०.१ च्या आत, छातीच्या सीटीत ६ च्या आसपास. २०२३ मध्ये युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास आला, लहानपणी-तरुणपणी सीटी झालेले साडेनऊ लाखांच्या आसपास लोक, त्यातून अंदाज निघाला की आजच्या डोसने दहा हजार मुलांचं सीटी केलं तर पुढच्या बारा वर्षांत एखाद-दोघांना त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. गरज असेल तर सीटी जीव वाचवतो, तिथे घाबरून नाही म्हणू नका, पण नातू पडला, टेंगूळ आलं, शुद्धीवर आहे, खेळतोय, तरी आपणच डॉक्टरच्या मागे लागून सीटी काढून घ्यायचं हे बंद झालं पाहिजे. एका दवाखान्यात तर एक्स-रेच्या खोलीचं दार उघडं ठेवून फिल्म काढताना मी स्वतः बघितलंय आणि बाहेर बाकावर गरोदर बाई बसलेली. सुनेला सांगा की कुठेही एक्स-रे सांगितला तर आधी पोटात बाळ आहे हे बोलायचं. सोनोग्राफीला मात्र बिनधास्त जाऊ दे, ती आवाजाची लहर आहे, रेडिएशनच नाही, आणि एमआरआयमध्ये पण एक्स-रे नसतात.

तिसरं रात्रीचा उजेड, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं. उजेड पण विद्युतचुंबकीय रेडिएशनच, आणि त्याचा परिणाम मोजायला लॅब लागत नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पन्नासेक दिवसांनी रात्री पिल्लं वाळूतून वर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात, लाखो वर्षं ते समुद्रच होतं, आता शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलांच्या, पांढऱ्या एलईडीच्या माळा असतात. पिल्लू रस्त्याच्या दिशेने जातं, खेकडे, कुत्री, सकाळचं ऊन. आई पण उजेडाच्या किनाऱ्यावर चढायला बिचकते. निळसर पांढरा उजेड सगळ्यात वाईट, ५६० नॅनोमीटरच्या पुढचा पिवळा-तांबडा पुष्कळ कमी त्रास देतो. मोले, वाळपईकडे पावसाच्या तोंडावर काजवे जमतात, नर-मादी एकमेकांना चमकून ओळखतात, तिथे रिसॉर्टचा फ्लडलाईट लागला की जोड्याच जमत नाहीत. आणि माणसाच्या डोळ्यात पण ४८० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला ओळखणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत, त्या झोप आणणारं मेलाटोनिन दाबतात, म्हणून रात्री उशाशी फोन ठेवून बघत बसलं की झोप जाते. त्या फोनच्या रेडिओ लहरींनी जात नाही, स्क्रीनने जाते.

विजेच्या मोठ्या लाईनबद्दल दोन ओळी, कारण मोलेच्या जंगलातल्या हाय टेन्शन लाईनचा वाद झाल्यापासून तो प्रश्न पण सगळे विचारतात. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र ०.३-०.४ मायक्रोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं माप) वर असलेल्या घरांत मुलांच्या ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा, आकडा थोडा जास्त दिसलाय, कारण सापडलेलं नाही, म्हणून झोपायची खोली हाय टेन्शन लाईनच्या अगदी खाली नको एवढं मी सांगतो. तारांचा खरा बळी वटवाघळं, मोर, आणि लोखंडी काठीने आंबे काढणारा माणूस.

तुम्ही काय करायचं. सरकारचं तरंग संचार नावाचं पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं, त्यावर आपल्या भागातला टॉवर मर्यादेत आहे की नाही ते बघता येतं आणि फी भरून घरी मोजणी मागवता येते. मोजणीला आले की एका ठिकाणी बघून जाऊ देऊ नका, नातवाची खोली, पडवी आणि गच्ची असेल तर गच्ची, तिन्हीकडे सहा-सहा मिनिटं सरासरी घ्यायला सांगा आणि कागद मागा. ऑनलाईन मिळणारा हजार-दोन हजारांचा मीटर घेऊ नका, तो स्वतःच्या फोनला पण लाल होतो आणि आकडा कशाचा ते सांगत नाही. घरात कोणाला पेसमेकर असेल तर फोन छातीच्या खिशात नको, एक वीत लांब, आणि इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. त्या बिल्डिंगवाल्याला विचारा की गच्चीचा भार इंजिनिअरकडून तपासून घेतलाय का, जुन्या बिल्डिंगवर एवढं वजन आणि वारा हा प्रश्न रेडिएशनपेक्षा मोठा आहे, आणि वीज पडण्याच्या दिवसांआधी तुमच्या घराचं अर्थिंग पण एकदा बघून घ्या.

मुलाला सांगा, त्या टॉवरवरच्या अँटेनांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत, त्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत आणि तुमच्या घराच्या बाजूला त्यांच्या उंचीएवढं दुसरं कोणाचं घर आहे का, एवढं लिहून कळवायला. त्यावरून पन्नास मीटरऐवजी खरं अंतर आणि कोन धरून तुमच्या घराचा आकडा काढून देतो.